दोन बोटं आखूड

डोमाजी मिस्त्री कुठल्याही लाकडाला हात लावण्याआधी त्याचा वास घ्यायचे. आमच्या गाडीपुढे पहिल्यांदा उभे राहिले तेव्हाही त्यांनी तेच केलं. बाबा इंजिनाबद्दल, आजोबांबद्दल, गाडी किती दुर्मीळ आहे त्याबद्दल बोलत होते. डोमाजींनी चपला दूर काढून ठेवल्या, वाकून मोडक्या दाराजवळ नाक नेलं आणि डोळे मिटून उभे राहिले. मग म्हणाले, "दार मेला. छप्पर जित्ता हाये. खांब उदईनं खाल्ले."

"वाळवी लागली आहे, मग होईल का?" बाबांनी विचारलं.

"लाकूड भेटला तं होईन. मी बंडीवाला आहो, मोटारवाला नाई. पन हे बी रेंगीच हाये ना? विलायती रेंगी."

बंडी म्हणजे बैलगाडी आणि रेंगी म्हणजे आमच्याकडची छोटी, हलकी बंडी. त्या दिवसापासून शेवटपर्यंत ते त्या गाडीला रेंगीच म्हणाले.

गाडी माझ्या आजोबांची. सांगाडा आणि इंजिन परदेशी, आणि वरचं सगळं अंग लाकडाचं: दारं, खांब, मागचा डबा, छपराच्या कमानी. जंगलाचे ठेके घेणाऱ्या एका माणसाकडून आजोबांनी ती घेतली होती. तेंदूपत्त्याच्या हंगामात ती सालेकशाच्या बाजूला धावायची, एरवी घरच्या लग्नांना. पुढे आमच्या राइस मिलच्या गोदामात, कोंड्याच्या पोत्यांआड, ती कित्येक वर्षं पडून राहिली. बाबांनी मिल बंद केली, गोंदियाजवळ फुलचूरच्या घरी बसले, आणि महिनाभरात बसण्याचा कंटाळा येऊन त्यांनी जाहीर केलं की आता आपण सगळे मिळून ही गाडी उभी करायची. इंजिन बाबांकडे. गाद्या आईकडे. घासकाम, पॉलिश ताईकडे. ती गोंदियातच शाळेत शिकवते. मी नागपूरला एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे करतो, म्हणून नकाशे माझ्याकडे. दर शुक्रवारी संध्याकाळी मी घरी यायचो आणि सोमवारी सकाळच्या गाडीनं परत जायचो. लाकडासाठी मात्र आमच्यात कुणी नव्हतं. कुणीतरी सौंदडच्या डोमाजी मिस्त्रींचं नाव सुचवलं. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, धावणाऱ्या गाड्या ते करायचे. वय सत्तरीच्या जवळ, पण पाठ ताठ.

ते सकाळच्या गाडीनं गोंदियाला उतरायचे. स्टेशनजवळच्या चहावाल्याकडे त्यांची सायकल ठेवलेली असायची, तिच्यावरून फुलचूरला. आल्यावर आधी हातपाय धुणार, मग हत्यारं एका फडक्यावर मांडणार: वाकस, रंधा, तीन पटाश्या, करवत, गुण्या. दुपारी आमच्या घरचं जेवण नको म्हणायचे. त्यांच्या डब्यात भात आणि लाखोरीचं वरण असायचं. आईनं फार आग्रह केला की तेवढं लोणचं घ्यायचे. "बाई, पोट सुस्त झाला का हात सुस्त होते," असं कारण सांगायचे. गाडीच्या सांगाड्यात पाय ठेवताना चपला कधी घातल्या नाहीत, आणि तयार झालेल्या सीटवर एकदाही बसले नाहीत. बाबा म्हणायचे, "अरे, बसून तर बघा!" ते म्हणायचे, "बनवनारा बसते काय? बसनारा बसते."

टेप त्यांच्याकडे नव्हता. प्रत्येक गाडीसाठी ते बांबूची एक नवी कामठी घ्यायचे आणि तिच्यावर चाकूनं खुणा पाडायचे. चाकाची एक खूण, दाराची एक, खांबाची एक. गाडी पूर्ण झाली की ती कामठी चुलीत. मी एकदा हसून विचारलं, "मिस्त्रीजी, जपून ठेवा ना, पुढच्या गाडीला कामी येईल." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी एकाच्या अंगाचा सदरा दुसऱ्याला घालायला सांगत होतो.

ताईशी त्यांची चांगली गट्टी जमली. ती जोर लावून घासायची. एक दिवस त्यांनी तिच्या हातातला पॉलिशपेपर काढून घेतला आणि तिला डोळे मिटून नुसती बोटं फिरवायला लावली. "इथं थांबला काय हात? मंग तिथं घास. डोरे उघडे ठेवले तं चमक दिसते, खड्डा नाई दिसत." ताई आजही घरातलं काहीही पुसताना डोळे मिटते.

सगळ्यात अवघड होते पुढच्या दारांचे दोन खांब. ते सरळ नव्हते. खालून वर जाताना बाहेर झुकून पुन्हा आत वळायचे, आणि सगळं छप्पर त्यांच्यावर. बाबांना वाटलं, सागवानाचा मोठा ओंडका घेऊन कापून आकार द्यावा. डोमाजी नाही म्हणाले. कापून वाकडं केलेलं लाकूड हादऱ्यानं फाटतं. जन्मतःच वळलेलं लाकूड पाहिजे, आणि तेही तिवसाचं. तिवस बैलगाडीच्या धुरीला, म्हणजे पुढच्या लांब दांड्यांना, वापरतात. लवचिक, चिवट.

त्यासाठी आम्ही चार महिने फिरलो. बाबा, मी आणि डोमाजी. शेवटी सालेकशाच्या पुढे एका गावात, एका म्हातारीच्या गोठ्यात ते लाकूड सापडलं. तिच्या नवऱ्यानं कधीकाळी बंडीसाठी आणून ठेवलेले दोन वळलेले तुकडे, आढ्याला टांगलेले, धुरानं काळे पडलेले. डोमाजींनी खाली उतरवायलाही लावलं नाही. तिथूनच मान वर करून म्हणाले, "एकाच झाडाचे हायेत. फांदी फुटली तिथले. एक डावा, एक उजवा."

म्हातारी आधी देईना. "आमच्या मानसानं ठेवले हायेत. कायले देऊ?"

डोमाजी तिच्या ओसरीवर खाली बसले. गाडीबद्दल एक शब्द काढला नाही. तिचा नवरा कोणत्या रानातून हे घेऊन आला, कसा घेऊन आला, बंडी का राहून गेली, हेच विचारत बसले. तासाभरानं म्हातारी उठली आणि म्हणाली, "ने बाप्पा. पन जाळजो नको." डोमाजींनी दोन्ही हात जोडले. परतताना ते तुकडे त्यांनी भाड्याच्या जीपच्या टपावर बांधू दिले नाहीत. मागच्या सीटवर आडवे ठेवले आणि स्वतः अंग चोरून कोपऱ्यात बसले.

ते लाकूड तासायला त्यांनी दीड महिना घेतला. रोज थोडंसं. बाबा उतावीळ व्हायचे. "लाकडाले घाई समजत नाई," एवढंच उत्तर यायचं.

आता माझं सांगतो. टाळता येत असतं तर टाळलं असतं.

खांब तासून झाले आणि फक्त उंची कापायची राहिली तेव्हा माझं आणि डोमाजींचं वाजलं. वाजलं म्हणजे, मी बोललो. माझ्या नकाशात खांबाची उंची त्यांच्या कामठीवरच्या खुणेपेक्षा दोन बोटं कमी येत होती. मी संगणकावर सगळी गाडी उभी केली होती, प्रत्येक तुकड्याचं माप त्यात होतं, आणि कारखान्यात माझ्या नकाशांना कुणी कधी नाव ठेवलं नव्हतं. मी कागद त्यांच्यापुढे पसरला. त्यांनी तो नीट पाहिला. टाळायचं म्हणून नाही, खरंच पाहिला. मग म्हणाले, "बाबू, कागद मस्त हाये. पन छप्पर याच्यावर बसनार नाई. खांबावर बसनार हाये."

बाबा आणि ताई हसले. आईसुद्धा. त्यात वाईट काही नव्हतं. पण मला ते लागलं. पस्तिशीचा माणूस, इंजिनिअर, आणि घरच्यांसमोर एका बंडीवाल्यानं माझा कागद घडी करून परत दिला, असं मला वाटलं. असंच, याच शब्दांत वाटलं.

शनिवारी संध्याकाळी डोमाजींनी दोन्ही खांबांवर गेरूच्या लाल रेघा मारल्या. कापून टाकायच्या बाजूला त्यांची नेहमीची छोटी फुली. रविवारी त्यांच्या भाच्याचं लग्न होतं, म्हणून कापायचं काम सोमवारवर ठेवून ते गेले.

रविवारी दुपारी घरातले झोपले होते. मी घरामागच्या शेडमध्ये, गाडीपाशी गेलो. ओल्या फडक्यानं दोन्ही रेघा पुसल्या. लाकूड वाळू दिलं. त्यांचाच गुण्या लावून, त्यांच्याच गेरूनं, दोन बोटं खाली नव्या रेघा मारल्या. आणि त्यांच्यासारखीच फुली मारली. फुली नसती तर त्यांना संशय आला असता, एवढा विचार मी केला होता. माझा बेत असा होता की सोमवारी ते कापतील, खांब चपखल बसेल, आणि पुढच्या शुक्रवारी मी हसत हसत सांगेन, मिस्त्रीजी, कागदच खरा होता.

सोमवारी सकाळी ते यायच्या आधी मी नागपूरला निघालो होतो.

बुधवारी बाबांचा फोन आला. "डोमाजींनी घोळ केला रे. खांब आखूड कापला. दोन बोटं. छप्पर टेकतच नाही."

मी कारखान्याच्या जिन्यात उभा होतो. नकाशा डोळ्यांपुढे आला आणि त्याच क्षणी मला कळलं. खांब ज्या फळीवर उभा राहतो ती तळाची फळी आम्ही बदलली होती. नवी फळी जुनीपेक्षा पातळ होती, बरोबर दोन बोटांनी. डोमाजींनी तिच्यासकट कामठीवर खूण केली होती. मी नकाशात जुनीच जाडी ठेवली होती.

"ऐकतोयस ना?" बाबा म्हणाले.

"हो. अरेरे," मी म्हणालो.

फक्त एवढं. "अरेरे."

पुढचं मला ताईनं सांगितलं. डोमाजींनी खांब लावून पाहिला, खाली उतरवला, कामठी लावली. तीनदा लावली. मग दुसऱ्या, न कापलेल्या खांबावरच्या रेघेला कामठी लावली. तीही दोन बोटं चुकलेली. ताई म्हणाली, "मिस्त्रीजी, होतं कधी कधी." ते म्हणाले, "एकडाव हात हालते, बाई. दोन्हीवर तेच चूक म्हनजे हात नाई हालला. डोकं हालला."

बाबा तापट होते. चार महिने फिरून आणलेलं लाकूड, जोडीतला एक गेलेला. ते बोलून गेले, "डोमाजी, डोळे चालत नव्हते तर आधी सांगायचं होतं ना! आता हे कुठून आणू मी?"

राग उतरल्यावर बाबांनीच सुचवलं, खाली जोड देऊ. पण त्याला डोमाजी तयार झाले नाहीत. "खांबाले जोड देत नाई, भाऊ. माझ्या हातून नाई होनार." हत्यारं फडक्यात बांधली, आईला नमस्कार केला आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सौंदडहून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर निरोप आला: नजर गेली, दुसरा मिस्त्री पाहा.

शुक्रवारी मी घरी आलो तेव्हा शेडमध्ये कुणी नव्हतं. मला बोलायला तीन दिवस मिळाले होते, त्यानंतर आणखी तीन मिळाले. बाबा चिडतील, हे कारण मी स्वतःला देत राहिलो. खरं कारण ते नव्हतं. नकाशा चुकला हे सांगायची लाज मला जास्त वाटत होती. आपलं डोकं हललं असं एक माणूस समजून बसला आहे, त्याची लाज तेव्हा कमी वाटली. आज उलट झालं आहे, पण आजचा उपयोग काय.

नागपूरच्या एका कारागिरानं खांबाला जोड दिला, लोखंडी पट्टी ठोकली, वर पॉलिश मारलं. गाडी उभी राहिली. नागपुरात जुन्या गाड्यांचं एक प्रदर्शन झालं, तिथे आम्ही तिला नेलं. लोक लाकडावरून हात फिरवायचे आणि विचारायचे, "किसने बनाया?" बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे, "घरच्यांनीच. नकाशा सगळा याचा." मी हसायचो. एका बाईनं पट्टीकडे बोट दाखवून विचारलं, "और ये?" बाबा म्हणाले, "एक बूढ़ा मिस्त्री था, उसका हाथ चूक गया." मी तेव्हाही हसत होतो. चेहऱ्यावरचं हसू काढून ठेवायला वेळच मिळाला नाही, असं म्हणू का? मिळाला होता.

दोन वर्षांनी बाबा गेले. त्यांना मी शेवटपर्यंत काही सांगितलं नाही.

त्यानंतरच्या दिवाळीत ताई आणि मी गाडी बाहेर काढली. खड्ड्यातून जाताना तो जोड कर्रकर्र वाजायला लागला. ताई सहज म्हणाली, "बिचारे डोमाजी. किती मन लावून केलं होतं." मी गाडी बाजूला घेतली आणि तिला सगळं सांगितलं. रेघ, गेरू, फुली. मग तिनं एकच प्रश्न विचारला, "त्यांना सांगितलंस?"

"नाही."

"मंग मले कायले सांगून राहिला?" ती म्हणाली. शिकवताना शुद्ध बोलणारी माझी बहीण रागावली की आमच्या गावची होते.

दुसऱ्या दिवशी मी सौंदडला गेलो.

डोमाजी अंगणात अंबाडीची दोरी वळत बसले होते. केस पूर्ण पांढरे, डोळ्यांवर जाड चष्मा आणि त्याच्या मागे मोतिबिंदूचं धुकं. त्यांनी आवाजावरून ओळखलं. "बाबू! भाऊ गेले म्हनून आयकलो. मले याले जमला नाई रे." सुनेला हाक मारून चहा ठेवायला लावला. आईची विचारपूस केली, ताईची केली. मग विचारलं, "रेंगी चालते काय?"

"चालते," मी म्हणालो.

"काम बंद केला मी," त्यांनी आपणहून सांगितलं. "तुमच्याकडून आलो तवापासूनच बंद केला. हत्यारं देऊन टाकलो पुतण्याले. मानसाले समजलं पाहिजे का आपला टाइम झाला."

सून चहा घेऊन आली. तिच्यासमोरच मी सांगायला लागलो, कारण थांबलो असतो तर पुन्हा जमलं नसतं. मी सांगितलं की मिस्त्रीजी, तुमची रेघ बरोबर होती. रविवारी मी पुसली. माझ्या नकाशाप्रमाणे नवीन मारली. फुलीसुद्धा मी मारली. तुम्ही कापलं ते माझ्या रेघेवर कापलं. तुमचा हात चुकला नव्हता, डोकं तर अजिबात नाही. चूक माझी, आणि मी गप्प राहिलो.

डोमाजींचे हात दोरीवर थांबले. मला वाटलं, आता ते रागावतील. रागवावेत असं मला फार वाटत होतं.

ते हसले. अगदी मायेनं.

"बाबू," ते म्हणाले, "तू एवढ्या दूर आला, हेच लय झाला. पन असा बोलत नको जाऊ."

"मी खरं सांगतोय, मिस्त्रीजी."

"आइक. तुमच्या घरी मी वर्सभर काम केलो. बाईनं रोज जेवाले आग्रह केला. ताई माझ्यापाशी खाली बसे. त्या घरचा मानूस मिस्त्रीची रेघ पुसन काय? नाई. असा घर नाई तुमचा." त्यांनी माझा गुडघा थोपटला. "डोरे गेले होते माझे. म्हाताऱ्याले बरा वाटावा म्हनून तू आपल्या आंगावर घेऊन राहिला. समजते मले."

मी दुसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांच्याकडून मी काय मागतो आहे. हाताचा भरवसा गेला, तो त्यांनी पचवला होता. आता आमच्या घरावरचा भरवसाही मी काढून घेणार होतो. असं मला वाटलं. की पुन्हा एकदा गप्प बसायला मला चांगलं कारण सापडलं? मला आजही नक्की सांगता येत नाही. मी चहा प्यायलो.

निघालो तेव्हा ते काठी टेकत फाटकापर्यंत आले. शेजारचा एक माणूस धानाचं पोतं घेऊन जात होता, त्याला त्यांनी थांबवलं. "हे गोंद्याचे बाबू. मोठ्या घरचे. माझा मन राखाले माझी चूक आपल्या आंगावर घेऊन राहिले, पाहाय." त्या माणसानं पोतं खाली ठेवलं आणि मला हात जोडले. मीही जोडले.

रस्ता ओलांडून मी स्टेशनच्या बाजूला उभा राहिलो आणि मागे पाहिलं. त्याच वेळी एक ऑटो साकोलीच्या दिशेनं गेला. डोमाजींना वाटलं, मी त्यात बसलो. त्यांनी काठी बगलेत धरली आणि उजवा हात उंच करून त्या ऑटोकडे हलवायला लागले. ऑटो वळणाआड गेला तरी त्यांचा हात हलत होता.

मी समोरच उभा होतो, वीस पावलांवर. हाक मारली नाही.